लांडगेबाईंची एक ओळ

बाई सांगलीला भाचीकडे राहायला गेल्या, त्या दिवशी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि अर्धा तास नुसती बसून राहिले. रडले वगैरे नाही. खरं सांगायचं तर हायसं वाटलं. सव्वीस वर्षं हे माणूस माझ्या डाव्या हाताला स्टुलावर बसून "हा शब्द काढ" म्हणत होतं. आता त्या स्टुलावर मी प्रिंटरचे कागद ठेवते.

प्रेम नव्हतं असं नाही. पण प्रेमाच्या माणसापासूनही अधूनमधून सुटका हवी असते, आणि ज्यांनी अशी माणसं सांभाळली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

साताऱ्यात त्यांना दोन नावं होती. शहाण्यासुरत्या लोकांत डॉक्टरबाई आणि बाकी सगळीकडे लांडगेबाई. पहिल्या नावानं फार घोटाळे व्हायचे. कुणीतरी पाटी वाचून यायचं आणि दारातूनच सांगायचं, "बाई, म्हस दोन दिस वैरणीला तोंड लावंना." बाई म्हणायच्या, "मी लांडग्यांचा अभ्यास करते हो. म्हशीचं मला काही कळत नाही." एक जण यावर चांगला विचारात पडला आणि म्हणाला, "लांडग्यापरास म्हस अवघड अस्ती व्हय?" बाईंनी हे वाक्य डायरीत लिहून ठेवलं. त्यांच्या मते गेल्या दहा वर्षांत त्यांच्या विषयावर विचारला गेलेला तो सर्वांत चांगला प्रश्न होता.

वडूजच्या पुढं जो उघडाबोडका माळ आहे, तिथल्या लांडग्यांचा त्यांच्याआधी कुणी धड अभ्यास केलेला नव्हता. लांडगा म्हणजे मेंढरू उचलणारा, दिसला की दगड घालायचा, एवढंच काय ते शास्त्र. ऐन तिशीतल्या बाई एक मोपेड, एक दुर्बीण आणि फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या घेऊन त्या माळावर जाऊन बसल्या आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं बसूनच राहिल्या. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "वेळ सकाळी आणि संध्याकाळी लागतो. नेमका तोच त्यांचाही असतो." यातले 'ते' म्हणजे लांडगे की नवरे, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

आमच्या दुकानाशी त्यांचा संबंध अब्बांमुळे आला. अब्बा बाइंडर. कोर्टाच्या फायली, शाळांची हजेरीपत्रकं, जुन्या पोथ्या, सगळं बांधायचे. बाई वर्षाच्या शेवटी माळावरच्या डायऱ्यांचा गठ्ठा घेऊन यायच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "वाळवी लागता कामा नये." अब्बा म्हणाले, "खळीत मोरचूद घातलंय बाई. वाळवी खाईल आणि मरेल." बाईंनी चष्मा काढून विचारलं, "मरते हे तुम्ही पाहिलंय का?" अब्बांनी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं होतं. बाई म्हणाल्या, "मग 'लागत नाही' एवढंच म्हणा." अब्बा घरी येऊन अम्मीला म्हणाले, आज एक गिऱ्हाईक आलं, देवानं फुरसतीनं घडवलंय. पुढं दोघांची इतकी गट्टी जमली की अब्बा गेले तेव्हा बाई तीन दिवस रोज दुकानात येऊन बंद मशीनशेजारी बसायच्या. चौथ्या दिवशी मला म्हणाल्या, "तुला टायपिंग येतं ना? मग सुरू कर."

त्या डायऱ्यांची एक पद्धत होती आणि तिच्यावर पुढचं सगळं उभं आहे, म्हणून ती सांगते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं बाई शाईनं लिहायच्या. दुसऱ्यानं सांगितलेलं पेन्सिलीनं. पुस्तकात फक्त शाईचं जायचं. अब्बा म्हणायचे, "बाई, पेन्सिलीचं पुसट होऊन जाईल हो." बाई म्हणायच्या, "होऊ द्या. ऐकीव गोष्ट पुसट झाली तर बिघडलं कुठं?"

घर तर विचारूच नका. लांडग्यानं काय खाल्लंय हे कळायला त्याची विष्ठा वाळवून, फोडून, त्यातले केस आणि हाडं बघावी लागतात. बाई 'विष्ठा' म्हणत नसत, सरळ गू म्हणत, आणि समोरचा लाजला की दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हणत. तर हे वाळवलेलं सगळं ठेवायला त्यांना कंदी पेढ्यांचे रिकामे खोके फार सोयीचे वाटायचे. आकार बरोबर, झाकण घट्ट. साताऱ्यात खोक्यांना तोटा नाही. एकदा कुठल्याशा संस्थेचे अध्यक्ष त्यांना पुरस्काराचं सांगायला घरी आले. गप्पा रंगल्या, बाई चहा टाकायला आत गेल्या, आणि अध्यक्षांनी टेबलावरचा खोका आपल्यासाठीच ठेवलाय असं समजून उघडला. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी एक उचललेलाही होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "ते आठ महिन्यांपूर्वीचं आहे. खराब झालेलं नाही, पण खाऊ नका." पुरस्कार पोस्टानं आला.

लिहायला बसल्या की आणखी वेगळ्या व्हायच्या. 'जणू' हा शब्द त्यांना खपायचा नाही. 'क्रूर', 'धूर्त', 'हिंस्र' हे तर दुकानात उच्चारायलाही बंदी. मी एकदा शब्द सुचवण्याच्या भरात म्हणाले, "लांडगा दबा धरून बसला होता, असं लिहू?" त्या म्हणाल्या, "दबा त्याच्या मनात होता का? तुला काय माहीत? बसला होता, लिही." मग पाच मिनिटांनी म्हणाल्या, "'बसला' पण नको. पोट टेकलेलं होतं." एक पान लिहायला आठवडा लागायचा तो असा. वर्तमानपत्रात 'नरभक्षक लांडग्याची दहशत' असं काही आलं की त्या माझ्या फोनवरून बातमीदाराला गाठायच्या आणि विचारायच्या, "किती माणसं खाल्ली? आकडा सांगा." बातमीदार घाबरून माझ्यावर चिडायचे, कारण नंबर माझा दिसायचा.

एकदा एका प्रकाशकानं त्यांना मुलांसाठी पुस्तक लिहायला सांगितलं. पहिल्याच पानावर लांडगी कोकराला आतड्यांपासून खायला सुरुवात करते. प्रकाशकाचं पत्र आलं, थोडं मवाळ करता येईल का? बाईंनी 'आतड्यांपासून' खोडून 'पोटापासून' केलं आणि मला म्हणाल्या, "बघ, मी आडमुठी नाही." ते पुस्तक निघालं नाही, हे सांगायला नकोच.

पण त्यांचं पहिलं पुस्तक माझ्या आधीचं, खिळे जुळवून छापायच्या जमान्यातलं. पस्तीस वर्षांपूर्वीचं. त्यानं त्यांचं नाव झालं. त्याचीच नवी आवृत्ती काढायची म्हणून गेल्या वर्षी आम्ही बसलो होतो. बाई बहात्तरच्या, एक डोळा जवळजवळ गेलेला, त्यामुळे मी मोठ्यानं वाचायचे आणि त्या 'हां' किंवा 'काढ' म्हणायच्या. पुस्तक छपाईला जायला आठवडा राहिला असताना माळावर हल्ली काम करणाऱ्या एका संशोधक मुलीनं मला एक फोटो पाठवला. ती लांडग्यांच्या बिळांजवळ आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावते. "बाईंना दाखवा, आवडेल," असं तिनं खाली लिहिलं होतं.

मी फोटो मोठा करून पडद्यावर लावला. सकाळचं ऊन. एक तरस बसलेलं आहे. त्याच्या पुढ्यात लांडग्याची दोन पिल्लं एकमेकांचे कान ओढतायत. मागं दगडाशी त्यांची आई आडवी पडलेली आहे, आरामात. ना दात, ना भांडण.

बाई स्टुलावरून उठून पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. मग म्हणाल्या, "पहिल्या आवृत्तीचं सातवं प्रकरण काढ. तरसाचं कुठं आहे ते वाच."

मी वाचलं. 'लांडग्याच्या पिल्लांची राखण तरस करते, असे या माळावरील एका मेंढपाळाने मला छातीठोकपणे सांगितले. अशा थापांवर शास्त्र उभे राहत नाही.'

"दुसरी ओळ परत वाच," बाई म्हणाल्या. मी वाचली.

नेमकं त्याच वेळी दुकानात एक रिटायर सुभेदार अर्ज टाइप करून घ्यायला येऊन बसले होते, त्याच माळाखालच्या गावचे. त्यांनी मान लांब करून फोटो पाहिला आणि एकदम म्हणाले, "आयला! हे तर आमच्या थापाड्या आबाचं तरस!"

बाईंनी विचारलं, "कोण थापाड्या आबा?"

"हाय आमच्या गावचा एक धनगर. लांडग्याची पोरं आन् तरस एका जागी बघितलं म्हणायचा. मग कुण्या बाईनं पुस्तकात छापलं की ही थाप हाय. तिनं पुस्तक वाचनालयात दिलं, आन् गुर्जींनी पारावर समद्या गावाफुडं वाचून दावलं. माळाच्या त्या अंगाला मेंढरं ह्याचीच, मग नाव कशाला लागतंय? तवापासनं थापाड्या आबा. बांधाच्या भांडणात साक्ष द्यायला हुबा ऱ्हायला, तर लोक म्हणाली, बस खाली, तुझं पुस्तकात आलंय."

"आता गावात असतात?"

"न्हाई. गाव सोडलं त्यानं. शिराळ्याकडं लेकीपाशी अस्तुय म्हणं. हाय का न्हाई ते बी ठावं न्हाई."

"ती बाई मीच," बाई म्हणाल्या.

सुभेदारांनी टोपी काढून हातात धरली आणि अर्ज न घेताच गेले.

मी बाईंना घाबरताना पहिल्यांदा पाहिलं. लांडगी सात-आठ पावलांवर आली तरी ज्यांची लेखणी हलली नव्हती, त्या बाई सुभेदारांच्या राहिलेल्या अर्जाची घडी घालत आणि उलगडत बसल्या. पुस्तक वाचनालयाला त्यांनी स्वतः नेऊन दिलं होतं. ज्यांच्या माळावर काम केलं, त्यांना आधी वाचायला मिळावं म्हणून. ही आठवण सगळ्यांत वाईट होती. मी म्हणाले, "बाई, एवढं काय? ओळ बदलू. दोन मिनिटांचं काम आहे." त्या म्हणाल्या, "छपाई थांबव. तो माणूस भेटेपर्यंत पुस्तक निघणार नाही. भेटला नाही तर निघणारच नाही."

मग त्या वर्षाची डायरी काढली. अब्बांची बांधणी शाबूत, आतली पेन्सिल मात्र उडालेली. भिंगातून, खिडकीशी पान तिरकं धरून मी एक एक शब्द लावला. तरसाचा मागचा उजवा पाय अधू. तोंड ओढ्याकडे. पिल्लं तीन. एकाच्या कानाचा तुकडा गेलेला. एवढं तपशीलवार सांगणाऱ्याला बाईंनी थापाड्या का ठरवलं, हे मला कळेना. मी तसं तोंडावर विचारलं. माझा स्वभाव तसाच आहे.

याचं उत्तर त्यांनी दुसऱ्या दिवशी गाडीत दिलं. सुभेदारांनीच रात्रीतून फोन फिरवून आबांच्या लेकीचं गाव शोधून दिलं होतं. आबा हयात आहेत एवढं कळलं होतं. गाडी मी चालवत होते. कराड मागं पडल्यावर बाई म्हणाल्या, "शहरातले मोठे शास्त्रज्ञ तेव्हा मला धनगरांच्या गोष्टी गोळा करणारी बाई म्हणायचे. मी तशी नाही, हे मला दाखवायचं होतं. एक गोष्ट सगळ्यांसमोर फेकून द्यायची होती. हाताला जी लागली ती फेकली." मग काच खाली करून म्हणाल्या, "ती पेन्सिलीत ठेवली असती तरी चाललं असतं. मी ती शाईत घेतली, आणि तीही खोटी म्हणून."

पुढचं सगळं अंतर त्या माफीचं वाक्य जुळवत होत्या. दर वेळी नवं वाक्य म्हणायच्या आणि मला विचारायच्या. शेवटी मी म्हणाले, "बाई, त्यातले चार शब्द काढा." त्या चिडल्या नाहीत, खरंच काढले. शिराळ्यात नागपंचमी होऊन आठवडा झाला होता, कमानी अजून उभ्या होत्या. गावाबाहेर उसाच्या कडेला लेकीचं पत्र्याचं घर सापडलं.

आबा अंगणात घोंगडं टाकून टकळीवर लोकर कातत होते. ऐंशीच्या घरातले, वाळून कोळ झालेले, पण पाठ ताठ. लेक बाहेर आली. "बसा की. च्या ठिवते," म्हणाली आणि कोण, कुठले, काहीच न विचारता आत गेली. बाई घोंगड्यावर त्यांच्या समोर बसल्या. त्यांच्या हातातला फोटो हलत होता.

"आबा, मी लांडग्यांवाली बाई. ओळखलं का?"

"व्हय की. मोपेड कुठं हाय?"

बाईंनी फोटो पुढं केला. आबांनी तो लांब धरून, जवळ धरून पाहिला. बाई म्हणाल्या, "तुमचं खरं होतं. माझं चुकलं. मी तुम्हाला छापून खोटं ठरवलं. तुम्ही त्यापायी गाव सोडलं. मला क्षमा करा." एवढंच. गाडीतलं एकही वाक्य आलं नाही.

टकळी थांबली. आबांनी बाईंच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि हसायला लागले.

"आवं बाई, म्या तवा थापच मारली व्हती की!"

"काय?"

"थाप वो. तुमी तीन दिस उनात हिंडत व्हता, काय घावंना. तोंड एवढंसं झालं व्हतं. म्हणलं, बाई लांबनं आलीया, कायतरी द्यावं तिला. दिलं सोडून. आन् गाव कुटं तुमच्यापायी सोडलं? जावई फौजेत, हिकडं ऊस बघाय माणूस न्हवतं, म्हणून आलो. इचारा हिला."

लेक चहा घेऊन आली होती. "व्हय," ती म्हणाली. "आमीच आणलं आबांना."

माझा जीव भांड्यात पडला. मला इतकं हसू आलं की कपातला चहा बशीत सांडला. पस्तीस वर्षांपूर्वी मारलेली थाप योगायोगानं खरी निघाली, बाईंचंही चुकलं नव्हतं आणि आबांचंही काही गेलं नव्हतं. आता चहा प्यायचा, परत जायचं, ओळ बदलायची, पुस्तक छापायचं. मी तर मनातल्या मनात प्रेसला फोनही लावला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यावर नीट बसवला आणि गप्पा मारल्यासारखं विचारलं, "थाप मारलीत तेव्हा तरसाचं तोंड कुणीकडं ठेवलं होतं?"

"वड्याकडं," आबा लगेच म्हणाले.

"आणि पिल्लं किती होती?"

"तीन. येकाच्या कानाचा तुकडा..." आबा थांबले.

"तरसाचा पाय?"

आबांनी टकळी उचलली, बोटात फिरवली आणि परत खाली ठेवली. मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा कप खाली ठेवावा लागला. माणूस मारलेली थाप पस्तीस वर्षं लक्षात ठेवत नाही. पाहिलेलं ठेवतो.

बाई म्हणाल्या, "आबा, तुम्हाला थाप मारता येत नाही."

"व्हय," आबा ओशाळून म्हणाले. "बायकू बी ह्येच म्हणायची."

"मग मघाशी का मारलीत?"

"तुमचं हात थरथरत व्हतं वो. म्हातारं माणूस येवढ्या लांबनं ते काय भांडाय येतंय? म्हणलं सोडवावं ह्यास्नी."

"मला सोडवू नका. खरं सांगा."

आबांनी उसाकडं तोंड केलं. "मग खरं आईका. लागलं व्हतं. लय लागलं व्हतं बाई. त्या माळावर माज्याइतकं जनावर कुणी बघितलं न्हाई, आन् मलाच समदी थापाड्या म्हणाय लागली. लांडगं आलं म्हणून वरडलो तर मानसं हसायची. येकदा खरंच आलं व्हतं. चार मेंढरं गेली. कुणी उठलं न्हाई." त्यांनी घोंगड्याची कड सारखी केली. "गाव लेकीपायी सोडलं, हे खरं हाय. पर सोडताना वाईट वाटलं न्हाई, हे बी खरं हाय."

लेक दाराशी उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. बाई सगळं ऐकत होत्या, मान खाली न घालता. माफी मागायला माणसं जातात ती बहुतेक सुटका करून घ्यायलाच जातात. मीही त्याच आशेनं गाडी चालवली होती. बाईंना सुटका हातात मिळाली होती आणि त्यांनी ती परत केली. त्या क्षणी त्यांच्या सगळ्या खोड्या मी माफ केल्या. 'जणू'सुद्धा.

"नव्या पुस्तकात लिहीन," बाई म्हणाल्या. "तुमच्या नावानिशी."

"पुस्तक कोण वाचतंय?" आबा म्हणाले. "तवा बी गुर्जींनी वाचलं म्हणून गावाला कळलं. पारावर वाचलं व्हतं, पारावरच वाचा. म्या येतो ऐकाय."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. सुभेदारांनी सगळं जुळवलं होतं. लाउडस्पीकर आणला होता, तो बाईंनी परत पाठवला. त्या वेळी लाउडस्पीकर नव्हता, म्हणाल्या. पारावर सत्तर-ऐंशी माणसं, निम्मी आबांच्या वयाची. आबा लेकीबरोबर आले आणि पुढं बसायला सांगितलं तरी मागं, झाडाच्या मुळावर बसले. कुणी कुजबुजलं, "थापाड्या आला रं." वाचणारे ते गुरुजी आता हयात नव्हते.

बाई उभ्या राहिल्या. आधी जुनी ओळ वाचली, 'थापांवर' या शब्दासकट, काही न गाळता. मग नवा कागद घेतला. मी अक्षरं मोठी छापून दिली होती, तरी तो डोळ्यांपाशी धरावा लागला.

"ही ओळ मी लिहिली. ती चूक होती." मग आबांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. "यांनी जे पाहिलं ते खरं पाहिलं. मला ते दिसलं नव्हतं, म्हणून मी त्यांना खोटं ठरवलं. तरस राखण करत होतं का, हे मला आजही माहीत नाही. ते तिथं होतं, हे नक्की. या माळावर ते सगळ्यांत आधी यांनी पाहिलं, आणि आज मी ज्याला शास्त्र म्हणते त्यातली ही गोष्ट यांची आहे."

कागद खाली आला. टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणालाच कळत नव्हतं, आणि मला एकदम भीती वाटली की हे सगळं असंच विरून जाणार. आबा मुळावर बसलेले, नजर जमिनीला. बाई उभ्याच. त्यांचे पाय दुखत असणार, पण मी खुर्ची पुढं केली ती त्यांनी घेतली नाही.

मग पुढं बसलेला आबांच्या बरोबरीचा एक म्हातारा गुडघ्यावर हात टेकत वळला आणि मागं बघून ओरडला, "म्हंजे आबा, येवढी वर्सं आमीच थापा मारत व्हतो म्हण की!"

आबांनी मान वर केली. सगळा पार त्यांच्याकडे बघत होता.

"व्हय," आबा म्हणाले. "पर तुमची कुणी छापली न्हाई."

सगळा पार हसला. बाई खुर्ची बाजूला सारून, माणसांतून वाट काढत मागं गेल्या आणि आबांच्या शेजारी मुळावर बसल्या. आबांनी सरकून जागा करून दिली.